तर्री वर, नाणं तळाला

नाशिकच्या मिसळीत तर्री कायम वरच का, याचं उत्तर आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. पण त्या पुस्तकात मिसळ नाही. म्हणून मुलं ‘प्लावक बल’ पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि सुट्टी लागली की विसरतात. नाशिक जिल्ह्यात मात्र हे प्रकरण चक्क पोटापाण्याचं आहे. द्राक्षबाग, दूध डेअरी, भाताचं बियाणं, सराफ बाजार, गणेश विसर्जन, गोदेचा पूर... जिकडेतिकडे कोणी ना कोणी ‘हे तरंगणार की बुडणार’ यावर पैसे लावून बसलेलं असतं.

आधी तर्रीचं बघू. एक लिटर पाणी एक किलो भरतं, एक लिटर तेल साधारण ९२० ग्रॅम. रश्शात मीठ-मसाला असल्यामुळे तो पाण्याहूनही किंचित जड. तेवढ्याच जागेत तेलाचं वजन कमी, म्हणून तेल वर. एखाद्या वस्तूच्या वजनाला तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या वजनाने भागलं की जो आकडा येतो तो विशिष्ट गुरुत्व, हल्लीच्या पुस्तकांत सापेक्ष घनता. पाण्याचा आकडा १. तेल ०.९२, बर्फ ०.९१७, समुद्राचं पाणी १.०२५, लोखंड ७.८७. पाण्यात टाकल्यावर १ च्या खालचा तरंगतो, वरचा बुडतो. तरंगणाऱ्याचा किती भाग पाण्याखाली राहील तेही हाच आकडा सांगतो. ०.९१७ चा बर्फ जवळजवळ ९२ टक्के बुडलेला असतो. आणि तर्री लाल का? मिरचीचा रंग आणि तिखटपणा, दोन्ही तेलात चांगले विरघळतात. त्यामुळे ‘तर्री कमी’ सांगणाऱ्याला मिसळ खरोखरच कमी झणझणीत मिळते. ही मागणी शास्त्रशुद्ध आहे, चवीबद्दल मी काही बोलत नाही.

सराफ बाजारातली माती

या सगळ्या प्रकरणातले माझ्या मते सर्वांत हुशार लोक म्हणजे झारेकरी. सोनारांच्या दुकानातला केर, भट्टीची राख, पेढीसमोरच्या गटारातला गाळ गोळा करायचा, धुवायचा आणि त्यातले सोन्या-चांदीचे कण वेगळे काढायचे, हा त्यांचा पिढीजात धंदा. महाराष्ट्रातल्या बहुतेक जुन्या सराफ पेठांच्या आसपास तो चालत आला आहे. कानस मारताना, तार ओढताना, डाग देताना जे उडतं ते कुठे जाणार? जमिनीवर, तिथून केरसुणीत, तिथून गटारात.

हे धुणं जवळून बघण्यासारखं असतं. पसरट भांड्यात मूठभर गाळ, वर पाणी. भांडं किंचित तिरकं धरून मनगटाने गोल गोल हेलकावे द्यायचे. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत गढूळ पाणी काठावरून निघून जातं, मग बारीक रेती सरकायला लागते. हात थांबत नाही, पण घाईही करत नाही. शेवटी तळाच्या कडेला काळ्या वाळूची बारीक रेघ उरते आणि त्या रेघेत चमक.

आता यातली गंमत. साध्या रेतीचं विशिष्ट गुरुत्व २.६५, शुद्ध सोन्याचं १९.३. म्हणजे त्याच आकाराचा सोन्याचा कण रेतीच्या कणापेक्षा सव्वासात पट जड. पण हे हवेत. पाण्यात शिरल्यावर प्रत्येक वस्तूचं वजन तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकं कमी होतं. रेतीचे २.६५ चे झाले १.६५, सोन्याचे १९.३ चे १८.३. आता भागून पाहा: अकरा पट! कोरड्या मातीत जो फरक सात पटींचा होता तो ओला केल्यावर अकरा पटींचा झाला. पाणी दोघांचंही वजन सारखंच कापून घेतं, पण ज्याच्याजवळ मुळात थोडंच आहे त्याला ते जास्त लागतं. झारेकऱ्याने हा भागाकार कधी केला नसेल. त्याची गरजही नाही, तो त्याच्या मनगटात आहे.

पुढच्या टप्प्यात पारा येतो. पाऱ्याचं विशिष्ट गुरुत्व १३.६, म्हणून लोखंडाचा खिळा पाऱ्यावर आरामात तरंगतो. सोनं मात्र पाऱ्यात बुडतं, इतकंच नाही तर त्यात मिसळून जातं. पारा उडवला की सोनं उरतं. या कामाची वाफ विषारी असते. तिचे चटके धुणाऱ्यालाच बसतात, सोनं वितळवून घेणाऱ्याला नाही.

मुकुटाची गोष्ट थोडी गळकी आहे

आर्किमिडीज, राजाचा मुकुट, भरलेली न्हाणी, ‘युरेका’ हे सगळ्यांना माहीत. पण तरंगणाऱ्या वस्तूंवर आर्किमिडीजने स्वतः लिहिलेल्या ग्रंथात ही गोष्ट नाहीच. ती सांगितली व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुविशारदाने, आर्किमिडीजच्या मृत्यूनंतर सुमारे दोनशे वर्षांनी. आणि गोष्टीत आहे तसं, सांडलेलं पाणी मोजून चोरी पकडणं फार अवघड आहे. एक किलोच्या मुकुटात ३०० ग्रॅम चांदी मिसळली आहे असं धरा. शुद्ध सोन्याचा मुकुट जवळपास ५२ घनसेंटिमीटर जागा घेईल, भेसळीचा ६५. फरक १३ घनसेंटिमीटरचा. वीस सेंटिमीटर तोंडाच्या भांड्यात पाण्याच्या पातळीत पडणारा फरक अर्धा मिलिमीटरही नाही. एवढा तर भांड्याला चिकटलेल्या थेंबांत हरवतो.

हा संशय गॅलिलिओलाही आला. १५८६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी त्याने एका छोट्या तराजूवर टिपण लिहिलं. त्यामागचं तत्त्व सोपं करून सांगायचं तर: एका पारड्यात मुकुट, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचं शुद्ध सोनं, काटा मध्यावर. मग दोन्ही पारडी पाण्यात बुडवायची. शुद्ध सोन्याचं वजन ५२ ग्रॅमनी घटेल, भेसळीच्या मुकुटाचं ६५ ने. १३ ग्रॅमचा झोल कोणत्याही सराफाच्या काट्यावर लगेच दिसेल. न्हाणी नको, पाणी सांडणं नको आणि रस्त्यातून उघडं धावणंही नको.

सोन्याची शुद्धता ही आपल्याकडेही जुनी डोकेदुखी. भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘लीलावती’त सुवर्णगणित नावाचा वेगळा भाग आहे: वेगवेगळ्या कसाचं सोनं एकत्र वितळवलं तर लगडीचा कस किती? (त्यांच्या घराण्याची वंशावळ सांगणारा शिलालेख नाशिकपासून फार लांब नाही, चाळीसगावजवळ पाटण्याला आहे.) आजचं २२ कॅरेट सोनं, त्यात तांबं किती आणि चांदी किती त्यानुसार, साडेसतरा ते अठराच्या दरम्यान भरतं. घरी पाण्यात तोलून अंदाज घेता येतो. फक्त दागिना पोकळ नसावा, त्यात लाख किंवा खडे नसावेत. आणि टंगस्टनपासून सावध. त्याचं विशिष्ट गुरुत्व १९.२५, म्हणजे सोन्याला जवळजवळ चिकटूनच. आत टंगस्टन आणि वर सोनं असलेल्या बिस्किटापुढे आर्किमिडीज आणि गॅलिलिओ दोघेही हात टेकतील.

गोदावरीच्या रामकुंडावर पोरं दोरीला लोहचुंबक बांधून नाणी काढतात, त्यांना या आकड्यांशी काही देणंघेणं नाही. आपली अलीकडची रुपया-दोन रुपयांची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलची असतात, तेवढं त्यांना पुरतं. तांब्याचं जुनं नाणं मात्र या गळाला लागत नाही.

शुगर किती उतरली?

द्राक्षाच्या हंगामात निफाड-दिंडोरीकडे दोन शेतकरी भेटले की तब्येतीच्या आधी बागेची शुगर विचारतात. ही शुगर म्हणजे ब्रिक्स, रसातल्या साखरेचं वजनी प्रमाण. बागेत ती रिफ्रॅक्टोमीटरच्या भिंगातून बघतात. वायनरीत रस टाकीत गेला की कारभार हायड्रोमीटरच्या हातात येतो.

हायड्रोमीटर म्हणजे तळाला वजन भरलेली, वर बारीक मान असलेली काचेची बंद नळी. द्रव जितका जड तितकी ती जास्त वर उचलली जाते. मानेवरच्या रेघा वाचायच्या. काम पोरकट वाटतं, पण त्यात शिस्त आहे. उंच भांड्यात नमुना घ्यायचा, नळी हलकेच सोडून बोटाने एक गिरकी द्यायची म्हणजे चिकटलेले बुडबुडे सुटतात. एक बुडबुडासुद्धा नळीला वर उचलून खोटं बोलायला लावतो. मग डोळा द्रवाच्या पातळीशी आणायचा. वरून वाकून वाचलं की आकडा चुकला. तापमानही लिहायचं, कारण गरम रस हलका होतो.

वाईनसाठी काढलेल्या द्राक्षांचा रस २४ ब्रिक्सच्या आसपास असेल तर त्याचं विशिष्ट गुरुत्व साधारण १.१००. यीस्ट टाकलं की ते साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवतं. साखर गेली, रस हलका झाला. शिवाय अल्कोहोल स्वतः ०.७८९, म्हणजे आणखी हलका. रोज नळी थोडी खोल बुडते: १.०८०, १.०५०, १.०२०... आणि एक दिवस १.००० ची रेघ ओलांडून आकडा ०.९९५ च्या आसपास येऊन थांबतो. आता तो हलेना झाला की साखर संपली. टाकीत काय चाललं आहे ते आत न डोकावता कळतं. २००० साली सुला वायनरीने गंगापूर धरणाच्या बाजूला पहिली वाईन काढली. त्यानंतर नाशिकच्या कितीतरी पोरांनी ही नळी वाचत नोकरी धरली.

म्हणजे कोरडी वाईन पाण्याहून हलकी! खालच्या पेल्यात लाल वाईन, त्यावर पाण्याचा पेला पुठ्ठ्याने झाकून उलटा ठेवा, आणि पुठ्ठा हळूच थोडासा सरकवा. फटीतून लाल धागा वर चढू लागतो, पाणी खाली उतरतं आणि थोड्या वेळात दोघांची अदलाबदल होते. (गोड डेझर्ट वाईनने करू नका, ती पाण्याहून जड असते. फजिती होईल.)

लाल वाईनच्या टाकीत आणखी एक तमाशा असतो. द्राक्षाची सालं रसाहून फार हलकी नसतात, पण कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे त्यांना चिकटून सगळी सालं वर ढकलतात आणि टाकीवर जाड थर बसतो. रंग आणि तुरटपणा सालांत, आणि सालं रसाबाहेर. म्हणून माणसं तो थर दिवसातून अनेकदा खाली दाबतात किंवा खालचा रस पंपाने वर सोडतात. घरी याची छोटी आवृत्ती हवी तर सोड्याच्या ग्लासात मनुके टाका. बुडतात, बुडबुडे अंगाला लावून वर येतात, पृष्ठभागावर बुडबुडे फुटले की पुन्हा तळाला. सोडा मरेपर्यंत नाच चालू.

दुधाची डिग्री

डेअरीच्या भाषेत ‘डिग्री’ म्हणजे लॅक्टोमीटरचा आकडा. ३० वाचलं की विशिष्ट गुरुत्व १.०३०. गायीचं दूध साधारण २८ ते ३०, म्हशीचं ३० ते ३२. पाणी घातलं की डिग्री पडते, हे सगळ्या गावाला ठाऊक. पण दुधातली सर्वांत हलकी गोष्ट आहे स्निग्धांश, पाण्याहूनही हलका. म्हणून साय काढून घेतली की उरलेलं दूध जड होतं, डिग्री चढते. मग त्यात बेताचं पाणी घाला, डिग्री पुन्हा जागेवर! साय गेली, पाणी आलं, लॅक्टोमीटर खूश. ही चोरी एकट्या डिग्रीने पकडता येत नाही, म्हणून डेअरीत फॅट वेगळी लावतात. डिग्री आणि फॅट दोन्ही हाताशी असले की एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेल्या घन पदार्थांचा आकडा, निघतो आणि मग लपायला जागा उरत नाही.

मिठाच्या पाण्यातली परीक्षा

इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा हा जिल्ह्याचा भाताचा पट्टा. पेरणीआधी बियाण्याला मिठाच्या पाण्याची प्रक्रिया करायची, ही कृषी विभागाची जुनी शिफारस: १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ. अशा द्रावणाचं विशिष्ट गुरुत्व साधारण १.०२. साध्या पाण्यात जे अर्धवट भरलेले दाणे कसेबसे तळाला जाऊन पास होतात, ते इथे वर येतात आणि पकडले जातात. तरंगणारे पोचट दाणे काढून टाकायचे, बुडालेले दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवायचे आणि सावलीत सुकवायचे. खर्च तीनशे ग्रॅम मिठाचा. एवढी स्वस्त प्रवेश परीक्षा दुसरी कुठली नसेल.

मारुतीच्या कमरेला पाणी

गोदावरीचा पूर नाशिककर क्युसेकमध्ये ऐकतात, पण समजतात नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून. गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीला पोहोचलं, मारुती बुडाला. आकडे धरणाचे, भीती मारुतीची.

पूर आला की घाटावर उभ्या केलेल्या गाड्या वाहून जाताना दिसतात आणि लोकांना नवल वाटतं, एवढी लोखंडी गाडी तरंगते कशी? हिशेब करू. छोट्या गाडीचं वजन ८५० किलो धरा. तिचा तळ सुमारे साडेतीन मीटर लांब, दीड मीटर रुंद, म्हणजे पाच चौरस मीटरच्या आसपास. ८५० लिटर पाणी बाजूला सारायला हा तळ किती बुडायला हवा? सतरा सेंटिमीटर. तळाखाली जमिनीपर्यंतची मोकळी जागा आणखी तेवढीच. म्हणजे पाणी गुडघ्याखाली असतानाच गाडीचा भार चाकांवरून जवळजवळ गेलेला असतो. नंतर दारांच्या फटीतून पाणी आत शिरतं आणि गाडी बसते हे खरं, पण तोवर प्रवाहाने तिला रस्त्यावरून हलवलेलं असतं. ‘एवढ्याशा पाण्यातून जाईल की’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला हा भागाकार काचेवर लिहून द्यावा असं मला वाटतं.

दगडांचंही तेच. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ, बेसाल्ट, २.९ च्या आसपास. पाण्याखाली त्याचं तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वजन गायब होतं. तीनशे किलोचा धोंडा पुरात दोनशे किलोचाच असतो, आणि पावसाळ्यानंतर नदीतले धोंडे जागा बदललेले का दिसतात ते यावरून कळतं.

पण हा कातळ पाण्यावर तरंगणार नाही. काही देवस्थानांत काचेच्या हौदात ‘तरंगता दगड’ ठेवलेला असतो, तो बहुधा प्यूमिस नाहीतर सच्छिद्र प्रवाळ. प्यूमिस म्हणजे फेसाळलेल्या लाव्हाचा दगड. आतल्या बंद पोकळ्यांमुळे १ च्या खाली. १८८३ मध्ये इंडोनेशियातला क्राकाटोआ फुटला तेव्हा अशा दगडांचे तराफे हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागले. आपल्या लाव्हातही वायूच्या पोकळ्या होत्या, पण कोट्यवधी वर्षांत त्यांत झिओलाइटचे स्फटिक वाढले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते बघायला मिळतात. दिसायला भरभक्कम, पण स्टिल्बाइटसारखा स्फटिक २.२ च्या आसपास, सभोवतालच्या कातळाहून बराच हलका.

बाप्पा परत का येतात

प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे शेवटी जिप्सम, २.३ च्या आसपास. बुडायला हवं. पण सुकलेलं प्लास्टर सच्छिद्र असतं, मूर्ती आतून पोकळ असते आणि पोकळीतली हवा तोंड खाली असेल तर बाहेर पडत नाही. मग काय, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मूर्ती काठाला. शाडू पाणी पितो, फुगतो, सुटतो आणि गाळात मिसळतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर तोडगा काढला: अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात प्लास्टरची मूर्ती सोडायची. जिप्समचं चुनखडीच्या चुऱ्यात आणि खताच्या अमोनियम सल्फेटमध्ये रूपांतर होतं.

पाणकावळ्याचा ओला कोट

नांदूरमधमेश्वर: गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा बंधारा, २०२० मध्ये जाहीर झालेली महाराष्ट्रातली पहिली रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची) पाणथळ. हिवाळ्यात दुर्बीण घेऊन जाणारे बदकांची नावं मोजतात. मी सुचवेन, कोण किती बुडतंय ते बघा. बदकं आणि काळे वारकरी पाण्यावर उंच बसतात, कारण तेल चोपडलेल्या पिसांखाली हवा कोंडलेली असते. पाणकावळा मात्र मानेपर्यंत बुडालेला, नुसती मान वर. त्याच्या पिसांची बाहेरची बाजू भिजते, हवा निघून जाते आणि अंगाचं प्लावक बल घटतं. माशामागे खोल जायचं तर ते सोयीचं. नंतर खडकावर पंख पसरून वाळत बसावं लागतं, ही त्याची किंमत. टिबुकली याहून चतुर. पिसं अंगाशी आवळून आतली हवा दाबून काढते आणि जागच्या जागी, आवाज न करता, खाली जाते.

पाण्यावर पसरलेली जलपर्णी हवा देठातच साठवते. फुगीर देठ कापून बघा, आत नुसती स्पंजासारखी जाळी.

डबा बांधून विहिरीत

गावाकडे विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला सुका भोपळा किंवा तेलाचा बंद डबा बांधायचे. पंधरा लिटरच्या डब्याचं स्वतःचं वजन किलोभर, म्हणजे पूर्ण बुडाला तर वर ओढणारा जोर चौदा किलोचा. एवढा पुरतो? भरपूर. माणसाचं शरीर पाण्याइतकंच भरतं. छाती हवेने भरली की १ च्या जरा खाली, श्वास सोडला की जरा वर. फक्त डोकं बाहेर काढायचं असतं आणि डोकं पाच किलोच्या आतबाहेर. गटांगळ्या खाणारा माणूस हात वर करतो तेव्हा नेमकं उलटं करतो: बाहेर काढलेल्या हातांना पाणी उचलत नाही, तो भार उरलेल्या अंगावर पडतो.

त्र्यंबक रोडच्या महापालिकेच्या तरणतलावाला सावरकरांचं नाव आहे. ८ जुलै १९१० ला मार्सेलिसला बोटीतून त्यांनी उडी मारली ती भूमध्य समुद्रात, आणि ते पाणी १.०२८ च्या आसपास, म्हणजे तलावातल्या पाण्याहून जास्त उचलून धरणारं. लाटांचा हिशेब अर्थात वेगळा.

आणि पाण्याचा खरा हिशेब घालणारा नाशिकचा गडी निघाला तो टँकरच्या वाटेकडे डोळे लावणाऱ्या भागातून. दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. लष्करात गेल्यावर त्याच्या हाती वल्हं आलं. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरी नौकानयनात तो तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या बोटीतून सुवर्णपदक जिंकला. एकेरी बोटीचं किमान वजन नियमाने फक्त १४ किलो. बोट आणि माणूस मिळून शंभर किलो धरले तर ती शंभर लिटर पाणी बाजूला सारते, लग्नात लागतात तसले पाच जार. एवढ्या कमी पाण्यावर आठ मीटर लांब आणि अंगाइतकीही रुंद नसलेली ती बोट तोलायची म्हणजे वल्ही सोडली की कलंडलीच.

हवेचा काटा

शेवटचा मुद्दा लासलगावच्या कांदा बाजाराचा. आर्किमिडीजचा नियम हवेलाही लागू आहे. एक लिटर हवा साधारण १.२ ग्रॅमची, आणि आपण सगळे तिच्यात बुडालेलो आहोत. साठ-पासष्ट किलोच्या माणसाला हवा वरच्या वर ७५-८० ग्रॅम उचलून धरते. वजनकाट्यावर तेवढं कमी दिसतं. आता कांदा घ्या. एक क्विंटल कांदा जवळपास शंभर लिटर जागा व्यापतो, म्हणजे त्याला हवा १२० ग्रॅम उचलणार. काटा ज्या लोखंडी वजनांनी जुळवतात त्यांचा एक क्विंटल मात्र जेमतेम तेरा लिटर जागा घेतो, त्याला उचल फक्त १५ ग्रॅम. फरक उरला शंभर ग्रॅमच्या थोडा वर. पंचवीस क्विंटलची ट्रॉली काट्यावर आली तर शेतकऱ्याचा अडीच किलोहून जास्त कांदा हवेने उचलून धरलेला असतो आणि त्याचा भाव कोणी देत नाही. व्यापारीही तोच कांदा पुढे त्याच हवेत मोजून विकतो, त्यामुळे त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. हमीभावाची मागणी, निर्यातबंदीची भीती, नाफेडची खरेदी एवढं सगळं डोक्यावर असताना आंदोलनाच्या निवेदनात हे कलम अजून कोणी घातलेलं नाही.